हिरवा ठिपका

हिवाळ्यात इंग्लंडमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे अडीच झालेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे सरकली, की त्याच नऊला पुण्यात दीड वाजतो. कॅलेंडरवर मीटिंग तीच, वेळ तीच, त्यामुळे इकडच्या कोणाला काही फरक जाणवत नाही. हिंजवडीतल्या टीमची मात्र जेवणाची सुट्टी जाते. डबा उघडलेला, कानात हेडफोन, माइक म्यूट. मग इथला मॅनेजर विचारतो, पुण्याची मंडळी आजकाल फारशी बोलत का नाहीत?

कर्मचाऱ्यांचं लक्ष कामात कसं राहील, यावर आमच्या क्षेत्रात भरपूर बोललं जातं. मोबाइल बाजूला ठेवा, सकाळी ध्यान करा, पंचवीस मिनिटांचा टायमर लावा. उपाय वाईट नाहीत, पण सगळे कर्मचाऱ्याने करायचे. गेली काही वर्षं मी रेडिंगमध्ये राहून, निम्मी इथे आणि निम्मी पुण्यात अशा टीमसोबत काम करतोय. माझ्या अनुभवात लक्ष उडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट मोबाइल नाही, खुद्द ऑफिस आहे.

प्रोग्रामिंग न करणाऱ्यांना हे सांगणं जरा अवघड जातं. एखादा किचकट बग शोधताना कुठली माहिती कुठून येते, कुठे बदलते, कुठे अडकते, हा सगळा डोलारा डोक्यात उभा करावा लागतो. त्यातच अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात कोणी 'एक मिनिट आहे का?' म्हणालं, की पत्त्यांचा बंगला कोसळतो. मिनिट त्याचं जातं, तास आपला. पॉल ग्रॅहम या अमेरिकी प्रोग्रामर-लेखकाने २००९ मध्ये एका निबंधात हे नेमकं मांडलं होतं. मॅनेजरचा दिवस तासातासाचा असतो, एक मीटिंग म्हणजे त्याचा एक तास. प्रोग्रामरचा दिवस अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा असतो, आणि अकरा वाजताची एक मीटिंग त्याची अख्खी सकाळ खाते.

दोन देशांत विभागलेल्या टीमचं दुखणं याच्याही पुढचं. दोघांच्या घड्याळात सामाईक असे तीन-चार तासच सापडतात. इथली सकाळ, तिथली दुपार ते संध्याकाळ. साहजिकच सगळ्या मीटिंगा त्यातच कोंबल्या जातात. इथे दुपारचं सँडविच संपवून साहेब जागेवर परततात, त्यांना काहीतरी आठवतं, आणि 'क्विक कॉल' लागतो. तेव्हा पुण्यात सात वाजलेले असतात. कंपनीची बस निघून गेलेली असते. हिंजवडीहून सातला निघणं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको.

आमच्या टीममधली एक अतिशय हुशार मुलगी मागे नोकरी सोडून गेली. राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, 'वैयक्तिक'. जाण्याआधी मला फोनवर म्हणाली, "अरे, दिवसभर मी कॉलवर असते. खरं काम रात्री मुलीला झोपवून मग सुरू करते. असं किती दिवस चालेल?" गंमत म्हणजे, वरच्यांच्या लेखी ती सगळ्यात 'प्रॉडक्टिव्ह' होती. कामं वेळेवर व्हायची ना!

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क लक्ष आणि व्यत्यय या विषयाचा अनेक वर्षं अभ्यास करत आहेत. २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. ज्यांच्या कामात व्यत्यय आणला, त्यांनी काम उलट लवकर संपवलं आणि दर्जातही फारसा फरक पडला नाही. पण ताण, वैताग आणि वेळेचं दडपण स्पष्ट वाढलं. म्हणजे व्यत्ययाचं बिल कंपनीच्या हिशेबात लगेच दिसत नाही, माणसाच्या अंगावर निघतं. माझ्या त्या सहकारिणीचं हेच झालं.

ती गेल्यावर आम्ही काही गोष्टी बदलल्या. उन्हाळ्यातली सकाळची मीटिंग दहाला नेली, साधी गोष्ट. मंगळवार आणि गुरुवार मीटिंगमुक्त केले. हे टिकवणं सोपं नव्हतं, कारण मोकळा दिसणारा दिवस म्हणजे आमंत्रणच असं बऱ्याच जणांना वाटतं. पण सगळ्यात उपयोगी पडली ती 'वॉचमन'ची पाळी. दर आठवड्याला टीममधला एक जण वॉचमन. बाहेरून येणारा प्रत्येक प्रश्न, 'जरा बघतोस का' छापाची प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे. त्या आठवड्यात त्याच्याकडून मोठ्या कामाची अपेक्षा नाही. बाकीचे निवांत.

चॅटचा एक नियमही केला. पुण्याहून पूर्वी नुसतं 'हाय सर' यायचं आणि पुढे शांतता. समोरचा 'हाय' म्हणेपर्यंत प्रश्न विचारायचाच नाही, ही आपली सभ्यता. घरी कोणी आलं की थेट कामाचं बोलत नाही ना आपण, आधी चहा. पण चॅटवर त्यामुळे दोघांचंही काम थांबतं. आता नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये येतात, उत्तर सवडीने जातं. 'सर' काही सुटलेलं नाही, असो.

याच्या अगदी उलट टोकाला आहे ती पाळत. माउस किती हलला, कीबोर्डवर किती बोटं आपटली हे मोजणारी सॉफ्टवेअर कंपन्या विकत घेतात. मग लोक आपोआप माउस हलवणारी यंत्रं विकत घेतात! अमेरिकेतल्या एका बड्या बँकेने २०२४ मध्ये काम करत असल्याचा असा आभास निर्माण केल्यावरून काही जणांना काढल्याची बातमी बरीच गाजली होती. कारवाई बरोबर की चूक, यात मी पडत नाही. पण जे मोजाल ते तुम्हाला मिळतं. नावापुढचा हिरवा ठिपका मोजलात, तर हिरवे ठिपके मिळतील. आमच्याकडचा एक पोरगा रात्री नऊपर्यंत तो ठिपका विझू देत नसे, काम संपलेलं असलं तरी.

ब्रिटनमध्ये २०२२ च्या जून ते डिसेंबरमध्ये ६१ कंपन्यांनी चार दिवसांच्या आठवड्याचा प्रयोग केला. पगार पूर्ण, कामाचे तास कमी, काम मात्र तेवढंच. त्यातल्या ५६ कंपन्यांनी प्रयोग संपल्यावरही ही पद्धत चालू ठेवली. एक दिवस कमी झाल्यावर वेळ काढायचा कुठून, तर लांबलेल्या मीटिंगा कापून. आमच्या कंपनीत चार दिवस वगैरे दूरची गोष्ट, पण धडा घेण्यासारखा होता.

आपल्याकडे अडचण एकच, नाही म्हणायला जीभ रेटत नाही. वरून दहा कामं आली की दहाही 'हो'. म्हणून हल्ली दर सोमवारी मी पुण्याच्या टीमला एक प्रश्न विचारतो: या आठवड्यात कुठलं काम नाही केलं तरी चालेल? पहिले काही आठवडे सगळे गप्प. मग एकदा तो हिरव्या ठिपक्याचा पोरगाच घसा खाकरून म्हणाला, "सर, शुक्रवारचा तो रिपोर्ट... तो कोणी उघडतच नाही. मी बघितलंय." आम्ही तपासलं. पाच महिने तो खरंच कोणी उघडला नव्हता. त्या शुक्रवारी तो साडेसहाच्या बसने घरी गेला.