मोटारीचा श्वास आणि पेट्रोलचा खर्च

पेट्रोलचा भाव चढूं लागला कीं अमेरिकेंत एक ठराविक गोष्ट घडते: पेट्रोल वांचविणाऱ्या युक्त्यांचा बाजार तेजींत येतो. २००८ च्या उन्हाळ्यांत तेथें एका गॅलनला, म्हणजे सुमारें पावणेचार लिटरांना, सरासरी चार डॉलरांहून अधिक मोजावे लागले. २०२२ च्या जून महिन्यांत तोच भाव पांच डॉलरांवर गेला. ह्या महागाईची झळ विशेष लागते ती पिकअप गाडी वापरणारांना. पुढें माणसांना बसावयाची बंद खोली आणि मागें सामानाचा उघडा हौदा, अशी ही गाडी तेथील शेतकरी, सुतार आणि गवंडी ह्यांच्या रोजच्या धंद्याचें साधन आहे. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं अशी गाडी कारखान्यांतूनच तयार करून विकावयास काढली, आणि त्याच कंपनीच्या 'एफ' मालिकेची गाडी १९७७ पासून तेथील सर्वांत खपाची मालमोटार म्हणून गणली जाते. गाडी जड, इंजिन मोठें, आणि वाऱ्याला तोंड देणारी बाजू भिंतीसारखी उभी. तेव्हां ती पेट्रोल फार पिते ह्यांत नवल तें काय?

अशा गाडीच्या मालकाला दुकानदार सांगतो कीं, तुमच्या इंजिनाचा श्वास कोंडला आहे. तो मोकळा करा म्हणजे पेट्रोल वांचेल. कारखानदारानें बसविलेली कागदाची गाळणी, तिची पेटी आणि वळणावळणाची नळी काढून टाकावयाची, आणि त्या जागीं एक रुंद, गुळगुळीत नळी व तिच्या टोकाला तेल लावलेल्या सुती जाळीची शंकूच्या आकाराची गाळणी बसवावयाची, असा हा उपचार आहे. इंजिनाच्या उष्णतेपासून दूर असलेली थंड हवा घेण्याची सोय त्यांत असली तर त्याला 'कोल्ड एअर इन्टेक' म्हणतात. किंमत तीनचारशें डॉलरांच्या घरांत. कोंडलेला श्वास मोकळा झाला तर काम सुखानें होईल, ही कल्पना मनाला इतकी चटकन पटते कीं ती तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटत नाहीं.

ती तपासावयाची तर पेट्रोलचें इंजिन आपली शक्ति कमीजास्त कशी करतें हें प्रथम पाहिलें पाहिजे. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण फारसें बिघडूं देतां येत नाहीं. म्हणून शक्ति कमी हवी असेल तेव्हां पेट्रोलबरोबर हवाहि कमी करावी लागते, आणि त्यासाठीं हवेच्या वाटेंत एक झडप बसविलेली असते. तिला थ्रॉटल म्हणतात. चालकाच्या पायाखालची कळ उघडते ती ही झडप. सपाट रस्त्यानें तासाला साठ मैलांच्या वेगानें निघालेल्या रिकाम्या पिकअपला आपल्या इंजिनाच्या एकंदर शक्तीचा लहानसाच हिस्सा पुरतो. म्हणून ती झडप त्या वेळीं बरीचशी मिटलेली असते. झडपेच्या बाहेर वातावरणाचा पूर्ण दाब, आणि आंत त्याच्या अर्ध्याच्या आसपास! इंजिनाचा श्वास खरोखरच कोंडलेला असतो. पण तो कोंडलेला असतो चालकाच्याच इच्छेनें.

एखाद्या जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा बंद असून माणसें केवळ दिंडींतून वांकून आंत जात आहेत, अशी कल्पना करावी. वाड्यासमोरची गल्ली दुप्पट रुंद केली तरी आंत जाणारांची संख्या कांहीं वाढावयाची नाहीं. नव्या इन्टेकची स्थिति नेमकी अशीच आहे. त्यानें वाट थोडी मोकळी केलीच, तर तितकीच शक्ति मिळविण्यासाठीं झडप केंसभर अधिक मिटावी लागते. हवा तितकीच, म्हणून पेट्रोलहि तितकेंच.

शिवाय मूळच्या नळीचा आणि गाळणीचा अडथळा तरी अशा वेळीं किती असतो? पांच लिटरांचें इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनीं, झडप पूर्ण उघडून धांवलें, तर मिनिटाला सुमारें पंधरा हजार लिटर हवा ओढूं शकतें. तेंच इंजिन अठराशें फेऱ्यांनीं, झडप अर्धीअधिक मिटून चाललें, तर त्याला दोन हजार लिटरांच्या आसपास हवा पुरते. अडथळा हा प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणांत वाढतो अथवा घटतो. प्रवाह सातव्या हिश्श्यावर आला म्हणजे अडथळा सुमारें पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. जें ओझें जाणवतच नाहीं तें उतरविण्यासाठीं मग हा खर्च!

थंड हवेचीहि गोष्ट अशीच उलटी आहे. हवेचें तापमान दहा अंश सेल्सिअसनें उतरलें तर तिची घनता सुमारें तीन टक्क्यांनीं वाढते, आणि झडप पूर्ण उघडली असतां तितकी अधिक शक्ति मिळूं शकते. शर्यतीच्या गाडीला ह्याचें महत्त्व आहे. परंतु संथ चालीच्या गाडींत घन हवा आली कीं झडप आणखी मिटवावी लागते. उलट ऊन हवेनें ती थोडी अधिक उघडी राहते आणि हवा ओढण्याचे इंजिनाचे कष्ट किंचित् कमीच होतात.

मग हा समज निघाला तरी कोठून? त्याचें मूळ कार्ब्युरेटरच्या काळांत आहे, आणि त्या काळीं त्यांत तथ्यहि होतें. जुन्या कार्ब्युरेटरला हवेचें वजन कळत नसे. गाळणी धुळीनें भरली कीं पेट्रोलचें प्रमाण हवेच्या मानानें वाढे आणि तें न जळतां धुरावाटे निघून जाई. आतांच्या इंजिनांत हवा मोजणारा सेन्सर असतो, जळून गेलेल्या वायूंतील प्राणवायु तपासणारा दुसरा असतो, आणि त्यांच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोलचें माप क्षणोक्षणीं दुरुस्त करीत राहतो. अमेरिकेंतील नव्या गाड्यांतून १९९० च्या सुमारास कार्ब्युरेटर गेला. त्याच्याबद्दलचा उपदेश मात्र राहिला.

ह्या बाबतींत निव्वळ तर्कावर विसंबण्याचें कारण नाहीं. टेनेसी संस्थानांतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं ह्या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. तेथील संशोधकांनीं गाळण्या मुद्दाम तुंबवून गाड्या चालविल्या. संगणकानें पेट्रोल मोजणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलखर्चांत तुंबलेल्या गाळणीनें मोजण्याजोगा फरक पडला नाहीं. झपाट्यानें वेग घेण्याची ताकद मात्र घटली. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडींत गाळणी बदलल्यानें खर्च कांहीं टक्क्यांनीं सुधारला. जेथें गाळणी तुंबल्यानें नुकसान होत नाहीं, तेथें स्वच्छ गाळणीहून मोकळी गाळणी बसवून लाभ तो कसला होणार? अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें तर पेट्रोल वांचविण्याच्या शंभराहून अधिक युक्त्या आजवर तपासल्या आहेत. त्यांपैकीं फारच थोड्यांचा उपयोग आढळला, आणि तोहि अल्प.

तरीहि इन्टेक बसविलेला मालक शपथेवर सांगतो कीं, आपली गाडी गॅलनला एक मैल अधिक जाऊं लागली. तो खोटें बोलतो असें नव्हे. शून्याच्या बरेंच खालीं गेलेल्या थंडींत शहरांतल्या फेऱ्यांना पेट्रोलखर्च उन्हाळ्याच्या मानानें पंधरा टक्क्यांनीं वाईट होऊं शकतो. त्यांत हिवाळ्याच्या पेट्रोलमधील उष्णताहि थोडी कमी असते. मार्च महिन्यांत इन्टेक बसविला आणि मे महिन्यांत हिशेब केला, तर वसंतऋतूचें श्रेय नळीला मिळतें! दुसरें असें कीं, नवी वस्तु घेतलेला माणूस कांहीं दिवस आपल्या पायाकडे लक्ष ठेवून गाडी हांकतो. खरी परीक्षा करावयाची तर त्याच रस्त्यानें, त्याच हवेंत, आधीं मूळची नळी, मग नवी, आणि पुन्हां मूळची, असें करून पाहिलें पाहिजे. हा शेवटचा टप्पा सहसा कोणी गांठीत नाहीं.

बरें, लाभ एक टक्का होतो असें घटकाभर धरूं. गॅलनला अठरा मैल जाणारी गाडी वर्षाकांठीं बारा हजार मैल चालली तर तिला सुमारें ६६७ गॅलन लागतात. एक टक्का म्हणजे पावणेसात गॅलनहि नव्हे. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर बचत वर्षाला तेवीस डॉलर, आणि साडेतीनशें डॉलरांचा इन्टेक फिटावयास पंधरा वर्षें!

डिझेलच्या पिकअपांत शक्ति कमीजास्त करण्याचें काम थ्रॉटलकडे नसतें, म्हणून दिंडीचा दृष्टान्त तेथें लागू नाहीं. तेथें अडथळ्याचें ओझें इंजिनावरच पडतें. पण संथ चालींत तें मुळांतच क्षुल्लक असल्यानें तें उतरवूनहि हिशेबांत फारसा फरक पडत नाहीं.

इन्टेकनें मिळतें काय, तर झडप पूर्ण उघडली असतां थोडी अधिक शक्ति, आणि आवाज. कारखानदाराच्या वेड्यावांकड्या पेटींत आवाज दाबण्यासाठीं पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या गेल्या कीं इंजिनाचा घुमारा चालकाला ऐकूं येतो, आणि तो घुमारा पुन्हां ऐकण्याच्या मोहानें तो कळ अधिक दाबूं लागला तर पेट्रोल वांचण्याऐवजीं वाढतें. धुळीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. हवा जितकी सहज जाईल तितका बारीक कणहि सहज जाण्याचा संभव असतो, आणि कच्च्या रस्त्यावरील वाळूचा कण सिलिंडरच्या भिंतीला कानशीसारखा घांसतो. नळीचें तोंड फार खालीं आणलें तर साचलेल्या पाण्यांतून जातांना पाणी आंत शिरून इंजिन एका क्षणांत मोडूं शकतें. कॅलिफोर्निया संस्थानांत तर असा इन्टेक रस्त्यावरील गाडीला लावण्यापूर्वीं त्याला तेथील वायुमंडळाची मंजुरी असावी लागते.

पैसे वांचविण्याचे मार्ग पिकअपवाल्याला नाहींत असें नाहीं. तासाला पन्नास मैलांच्या पुढें वेग गेला कीं वाऱ्याचा विरोध झपाट्यानें वाढतो. पाय थोडा उचलणें हा सर्वांत मोठा उपाय. चाकांतील हवेचा दाब महिन्यांतून एकदां पाहावा. आणि हौद्यांत महिनोन्महिने पडून राहिलेलीं शंभर पौंडांचीं अवजारें व सिमेंटचीं पोतीं उतरवून ठेवलीं, तर खर्च सुमारें एक टक्क्यानें कमी होतो. त्यासाठीं पाना लागत नाहीं.