तिसऱ्या क्रमांकाचं मूलद्रव्य

लिथियम हा धातू इतका मऊ असतो की सुरीने कापता येतो, आणि इतका हलका की पाण्यावर तरंगतो. मूलद्रव्यांच्या यादीत त्याचा क्रमांक तिसरा. आधी हायड्रोजन, मग हेलियम आणि मग हा. विश्वाच्या जन्मानंतर पहिल्या काही मिनिटांत जी मोजकी द्रव्यं तयार झाली, त्यांत लिथियमचाही किंचित अंश होता. आज तो मोबाइलच्या बॅटरीत असतो. आणि त्याचाच एक साधा पांढरा क्षार, लिथियम कार्बोनेट, जगभरातली असंख्य माणसं रात्री जेवणानंतर घोटभर पाण्याबरोबर गिळतात. त्यातले कितीतरी जण त्या गोळ्यांची स्ट्रिप कॅल्शियमच्या डबीत दडवून ठेवतात आणि कुणी विचारलंच तर ‘बीपीची गोळी’ म्हणून सांगतात.

ही गोळी प्रामुख्याने बायपोलर आजारावर दिली जाते. या आजारात कधी मनाला उधाण येतं. दोन-तीन तासांची झोप पुरते, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, आपल्याला अशक्य असं काही वाटेनासं होतं. कधी याच्या उलट होतं, आणि उठून दात घासायचे म्हटलं तरी अंगात बळ नसतं. मधल्या काळात हाच माणूस नोकरी करतो, मुलांचा अभ्यास घेतो, लग्नकार्यात वाढायला उभा राहतो. त्यामुळे घरच्यांना तो आजार वाटतच नाही, स्वभाव वाटतो. मग ‘लाडावलाय’, ‘लग्न करून द्या, येईल ताळ्यावर’ सुरू होतं.

या आजाराला लिथियम लागू पडतं हे ज्या रीतीने कळलं, ते वाचताना मला दर वेळी नवल वाटतं. जॉन केड हा ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होता, सिंगापूरच्या चांगी छावणीत, तीन वर्षांहून अधिक काळ. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात तो काम करू लागला. उन्मादाचं मूळ शरीरात साठणाऱ्या एखाद्या विषारी द्रव्यात असावं, असा त्याचा कयास होता. प्रयोगशाळा म्हणजे रुग्णालयातली एक वापरात नसलेली खोली. रुग्णांच्या लघवीचे नमुने तो घरच्या फ्रिजमध्ये ठेवत असे. ती लघवी गिनिपिगना टोचून तो परिणाम बघत होता. पुढे त्याला युरिक आम्ल वापरून बघायचं होतं, पण ते पाण्यात नीट विरघळेना. त्याचा लिथियमबरोबरचा क्षार विरघळतो, एवढ्याच कारणाने लिथियम त्या सुईत आलं. एरवी हात लावला की बिथरणारे ते प्राणी काही वेळाने उताणे पडून शांत बघत राहिले. ते बहुधा औषधाच्या विषबाधेने मलूल झाले होते, असं आज अनेक संशोधकांना वाटतं. म्हणजे कयास चुकीचा, प्रयोगाचा अर्थही बहुधा चुकीचा, आणि हाती लागलेलं औषध मात्र खरं.

केडने आधी ते स्वतः घेऊन पाहिलं. मग मार्च १९४८ मध्ये एका ५१ वर्षांच्या रुग्णाला दिलं. हा माणूस पाच वर्षं सतत उन्मादात होता. काही आठवड्यांत तो निवळला, काही महिन्यांत घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’मध्ये केडचा लेख सप्टेंबर १९४९ मध्ये छापून आला. पण त्या माणसाने बरं वाटल्यावर गोळ्या सोडल्या, आजार उलटला, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. केडने हात आखडता घेतला. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाऐवजी विकल्या जाणाऱ्या लिथियम क्लोराइडने काही हृदयरोगी दगावले होते. शिवाय निसर्गात सापडणाऱ्या क्षाराचं पेटंट मिळत नाही, त्यामुळे औषध कंपन्यांना त्यात रस नव्हता. डेन्मार्कच्या मोगेन्स शाउने १९५४ मध्ये शिस्तशीर चाचणी करून ते उचलून धरलं नसतं, तर हे सगळं विसरलं गेलं असतं. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

अजूनही हे औषध नेमकं काय करतं याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. मज्जापेशींच्या आतल्या काही विकरांना ते आवर घालतं, एवढं दिसतं. मला सगळ्यात थरारून टाकणारा प्रयोग २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. बायपोलर रुग्णांच्या त्वचेच्या पेशी घेऊन त्यांनी त्यांच्यापासून काचेच्या बशीत मज्जापेशी वाढवल्या. निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा त्या कितीतरी अधिक चेतत होत्या. बशीत लिथियम घातल्यावर काही पेशी शांत झाल्या आणि काही झाल्या नाहीत. ज्या रुग्णांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडलं होतं, त्यांच्याच पेशी शांत झाल्या! त्या बशीतल्या पेशींवर कुणी वाईट संस्कार केले नव्हते. त्यांचं प्रेम फसलं नव्हतं, त्यांना कुणी लाडावलं नव्हतं. आयुष्यातले ताण आजाराला तोंड फोडतात हे खरं आहे, पण ज्याला आपण इच्छाशक्तीची उणीव म्हणतो, तिची मुळं पेशीपर्यंत गेलेली इथे उघड दिसतात. म्हणूनच ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला मला निष्ठुर वाटतो.

आता मूत्रपिंडाकडे वळू, कारण लपवाछपवी अंगाशी येते ती तिथे. लिथियम आणि मिठातलं सोडियम ही रसायनशास्त्रातली सख्खी भावंडं. मूत्रपिंडाला त्यांच्यातला फरक फारसा कळत नाही. शरीरातलं मीठ किंवा पाणी कमी झालं की ते सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्याबरोबर लिथियमही. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल असावं लागतं, १.५ च्या वर विषबाधा सुरू होऊ शकते. औषध आणि विष यांच्यातलं अंतर एवढंच. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी, सकाळी लॅबमध्ये जाऊन अधूनमधून रक्त द्यावं लागतं. पावती करणारी मुलगी सहज मोठ्याने विचारते, ‘लिथियम लेव्हल ना?’ आणि रांगेतला माणूस आधी मागे वळून ओळखीचं कुणी नाही ना ते बघतो.

आता अशी एखादी सून डोळ्यांसमोर आणा, जिची गोळी सासरी फक्त नवऱ्याला माहीत आहे. हरतालिकेला घरात निर्जळी उपवासाची रीत आहे. तिला तो झेपणार नाही आणि ते का, हे तिला सांगता येत नाही. ती उपवास करते. किंवा उन्हाळ्यात जुलाब लागतात आणि ती गोळी तशीच चालू ठेवते. गुडघेदुखीसाठी सासूबाई आपल्यातली आयबुप्रोफेनची गोळी मायेने देतात, आणि तीही रक्तातलं लिथियम वाढवते. बीपीसाठी घरात सगळ्यांचंच जेवण अळणी होतं, तेव्हाही तोच धोका. यात कुणीच दुष्ट नाही. माहिती नसणं पुरतं.

या विषयावर बोलणं तज्ज्ञांनाही जड गेलेलं आहे. ज्या शाउने आयुष्य लिथियमला वाहिलं, त्याच्या सख्ख्या भावाला वारंवार औदासीन्याचे झटके येत आणि लिथियमनेच तो सावरला. शाउने ते जाहीरपणे सांगितलं, पण बऱ्याच वर्षांनी. अमेरिकेतल्या के रेडफील्ड जेमिसन या आजाराच्या नावाजलेल्या अभ्यासक. आपल्याला तोच आजार आहे आणि आपण लिथियम घेतो, हे त्यांनी १९९५ मध्ये ‘ॲन अनक्वायट माइंड’ या आत्मकथनातून जगाला सांगितलं. प्राध्यापकी, नाव, सगळं पणाला लावून. आपण गोळ्या पुन्हा पुन्हा का सोडत होतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराइतकंच मनाच्या आजाराला संरक्षण द्यायला सांगितलं आहे. आणि टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर फोन करून मराठीत बोलता येतं.

लिथियम घेणाऱ्या माणसाचे हात एरवीपेक्षा जास्त थरथरू लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं असतं आणि ‘हे लिथियम घेतात’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं असतं. त्या अवस्थेत रुग्ण स्वतः गोंधळलेला असतो, त्याला हे सांगता येईलच असं नाही. सांगणारा बहुतेक वेळा शेजारी बसलेला असतो.