आधी किलो, मग किलोमीटर

लडाख-स्पितीला स्वतःची गाडी घेऊन जायचं, वाटेत तंबू टाकायचा, गाडीमागे स्टोव्ह पेटवून चहा करायचा आणि डांबर संपलं तरी पुढे जात राहायचं, हे खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘गाडी कुठली घेऊ?’ दसऱ्याच्या आधीचे दिवस शोरूमवाले याच प्रश्नावर जगतात. त्यांच्याकडे उत्तर तयार असतं: टॉप मॉडेल. माझ्या लेखी गाडीचं नाव हा तिसरा प्रश्न आहे. कुठल्या रस्त्याने जाणार हा पहिला, आणि माणसं-सामान मिळून गाडीत किती किलो चढणार हा दुसरा.

रस्त्याचं आधी बघू. मुंबईहून मनालीमार्गे लेहला जायचं तर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. त्यातला फार मोठा भाग सरळ हायवे आहे. २०२०मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगच्या चिखलात तासन्‌तास रांगेत उभं राहण्यातूनही सुटका झाली. गाडीचा खरा कस लागतो तो बोगद्यापलीकडे, स्पितीच्या वाटेवर ग्राम्फूहून बातलमार्गे कुंझुम खिंडीकडे निघालं की: दगडगोटे, अरुंद वाट आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले. म्हणजे पहिली गाडी आठ-दहा तास हायवेवर पाठ न मोडता चालणारी हवी, आणि वर शेवटच्या थोडक्या अंतरात दगा न देणारी. व्हिडिओत दिसतात ते सगळे शेवटचे तुकडे. राजस्थान, गुजरात, पंजाब पार करताना कानात घुमणारा जाड टायरांचा आवाज कुणी दाखवत नाही.

आता फोर बाय फोर. २०२३पासून महिंद्राची थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. स्वस्त पडते आणि बाहेरून जवळजवळ सारखीच दिसते. ती वाईट नाही. सह्याद्रीतल्या गावागावांत वर्षानुवर्षं वडाप करणाऱ्या कमांडर आणि ट्रॅक्स यांतल्या बहुतेकींना पुढच्या चाकांना ओढ नव्हतीच, आणि तरी मुरमाच्या घाटातून त्या टपापर्यंत भरून वर जायच्या. त्यात हात ड्रायव्हरचा होता. पण अनोळखी मुलखात, थंडीत, भरल्या गाडीने नाला ओलांडायचा असेल तर फोर बाय फोर आणि त्यासोबतचा लो रेंज गिअर पाहिजेच. त्यातही मला लो रेंज जास्त मोलाचा वाटतो. चाकांपर्यंत पोचणारी इंजिनाची ओढ तो अडीचपट वगैरे वाढवतो. थारमध्ये हे प्रमाण २.४८ आहे. गाडी माणसाच्या चालीने दगडांवरून सरकते आणि उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच तिला धरून ठेवतं.

तरीही चारही चाकांना ओढ असलेली गाडी जागेवर उभी राहू शकते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरावं लागतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. त्याचा स्वभाव असा, की ज्या चाकाला अडथळा कमी, तेच तो फिरवत बसतो. खड्ड्यात गाडी तिरकी पडली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं, की ही दोन चाकं भिरभिर फिरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म राहतात. इथे डिफ लॉक कामाला येतो: एका अॅक्सलवरच्या दोन्ही चाकांना तो एकत्र बांधून टाकतो. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे, दोन्हीकडे असे लॉक कंपनीकडूनच येतात. थारच्या वरच्या मॉडेलांत मागच्या अॅक्सलला आपोआप लागणारा लॉक मिळतो. मारुतीच्या जिम्नीत मोकळं फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ओढ दुसऱ्याकडे वळवतात. हा उपाय वाटतो त्यापेक्षा बरा आहे, फक्त पाय अॅक्सिलरेटरवर थोडा वेळ टिकवायचा धीर हवा.

तिन्ही गाड्यांची नावं आलीच आहेत, तर माझा कौल सांगून टाकतो. दोघंच जाणार असतील तर जिम्नी किंवा तीन दारांची थार. जिम्नी हलकी, जेमतेम १,२०० किलोची, रुतली तरी लवकर निघते. तिचं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन मात्र बिनटर्बोचं आहे. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, म्हणजे अशा इंजिनाची ताकदही निम्म्यावर येऊ लागते. खिंडीच्या चढावर ती धापा टाकते, पण वजन कमी असल्याने चढते. थारचं २.२ लिटर टर्बो डिझेल तिथे निवांत असतं. तिच्या मागच्या सीटमागे मात्र एक बरी सॅकही नीट मावत नाही, तेव्हा तिला दोन माणसांचीच गाडी समजावी. चौघांचं कुटुंब असेल तर पाच दारांची गुरखा किंवा थार रॉक्स. रॉक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,८५० मिलिमीटर, तीन दारांच्या थारपेक्षा तब्बल ४०० जास्त, त्यामुळे उंचवट्यावर तिचं पोट लवकर टेकतं. आणि तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं, हे बुकिंगआधी बघून घ्या. गुरखा ही पुण्याच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची गाडी. जड, थोडी ओबडधोबड, पण स्नॉर्कलपासून सगळं कंपनीतूनच बसून येत असल्याने गॅरेजचा खर्च वाचतो.

जुन्या बाजारात जायचं तर दोन नावं कायम पुढे येतात: १९८५मध्ये आलेली मारुती जिप्सी आणि २०१०नंतरची पहिली थार. जिप्सीचा जीव काटक, पण चारही बाजूंना पाटे असल्याने अडीच हजार किलोमीटरनंतर मणक्यांची यादी तोंडपाठ होते. जुनी गाडी बघताना रंगाकडे दुर्लक्ष करून खाली झोपा. चेसिसला गंज, वेल्डिंगची ताजी शिवण, गिअरबॉक्सखाली तेलाचा ओघळ, एवढं टॉर्चच्या उजेडात दिसतं. मग मातीच्या रस्त्यावर नेऊन फोर एल, म्हणजे लो रेंज, लावून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर बऱ्याचदा जागचा हलतच नाही. लष्कराच्या लिलावातली किंवा दिल्लीकडून स्वस्तात आलेली डिझेल असेल तर आरटीओचे कागद आधी हातात घ्या, गाडीला हात नंतर लावा.

आता किलो. इथेच बहुतेकांचा हिशोब कोसळतो, कारण तो कुणी मांडतच नाही. जिम्नीचं भरून परवानगी असलेलं एकूण वजन १,५४५ किलो. रिकाम्या गाडीचे १,२१० वजा केले तर हातात उरतात ३३५. सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० गेले. राहिले ५५. त्यात चौघांच्या बॅगा, पाणी, हत्यारं, स्वयंपाक, सगळं बसवायचं. टपावरच्या एका तंबूचंच वजन ५०-६० किलो भरतं. लोखंडी बंपर आणि विंच मिळून ७०-८० सहज होतात. भरलेला फ्रिज वीसेक. वीस लिटर पाण्याचे वीस किलो. जाड टायरची दुसरी स्टेपनी आणखी पंचवीस. हौसेने ‘बांधलेली’ गाडी घरातून निघतानाच ओव्हरलोड असते, आणि पुढे शॉकप फुटला, पाटा तुटला की दोष रस्त्याला देतात.

टपावरचं वजन तर दुप्पट नडतं. गाडीचा तोल वर सरकतो आणि कडेच्या उतारावर ती कलंडायला बघते. टपाची मर्यादा हँडबुकात दिलेली असते आणि ती चालत्या गाडीसाठी असते. उभ्या गाडीवर तंबूत दोन माणसं झोपली तर टप ते पेलेलही, पण खड्ड्यांतून हेलकावे खाताना तोच तंबू वेगळा वागतो. पहिल्या वर्षी जमिनीवरचा साधा तंबू घ्या. चार किलोत काम होतं, आणि दूध आणायला जाताना घर आवरून गाडीवर चढवावं लागत नाही.

जास्तीच्या इंधनाचंही तसंच. लाहौलमधल्या टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी फोटोंमुळे इतकी गाजली आहे, की लोक टपावर कॅनची माळ लावून निघतात. थारची टाकी ५७ लिटरची. चढावर लिटरला दहा धरले तरी ५७० किलोमीटर होतात. जिम्नीची ४० लिटर, म्हणजे ४००. टांडीला टाकी तुडुंब भरली आणि जिम्नीत फार तर दहा लिटरचा एक कॅन ठेवला की पुरे.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले टायरवर करा. ऑल टेरेन प्रकारचे, कंपनीने दिलेल्या मापाचेच. चिखलाचे मोठ्या खाचांचे टायर दिसतात झकास, पण ओल्या डांबरावर पकड सोडतात आणि मायलेज खातात. टायरइतकीच महत्त्वाची त्यातली हवा. हायवेवर ३२ पीएसआय असेल तर दगडगोट्यांत २५, जैसलमेरच्या वाळूत १८-२०. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो आणि वाळूवर तरंगायला लागतो. रुतलेली गाडी निव्वळ हवा काढल्याने स्वतःहून निघते, तेव्हा बघ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पंधराच्या खाली मात्र जाऊ नका, टायर रिममधून निसटतो. डांबर लागलं की लगेच हवा परत भरायची, म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा बरा कॉम्प्रेसर आणि चांगलं गेज या दोन वस्तू फ्रिजच्या कितीतरी आधी घ्याव्यात.

कच्छच्या रणात मात्र या युक्त्यांचाही इलाज चालत नाही. वर मिठाचा पांढरा टणक पापुद्रा, खाली लोणी. तिथे ठरलेल्या वाटेवरूनच जावं. कोकणच्या किनाऱ्यावर तर गाडी घालूच नये. भरती कुणासाठी थांबत नाही, खारं पाणी चेसिस खातं आणि पोलीस गुन्हा नोंदवतात. सड्यांवरून, फुलांच्या पठारांवरून चाकं फिरवणाऱ्यांबद्दल तर काही न लिहिलेलं बरं.

गाडीत बदल करताना कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मूळ रचनेत फेरफार करायला मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. लोखंडी बुलबार काढायला लावा, असं केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवलं होतं. त्याचं कारण साधं आहे. धडकेत बुलबार पादचाऱ्याचा जीव घेतो आणि आपली एअरबॅगही वेळेवर उघडेल याची खात्री उरत नाही. वर विमा कंपनीला न कळवलेले बदल क्लेमच्या वेळी बरोबर सापडतात. न कापता, न वेल्डिंग करता, चार बोल्टांवर बसेल आणि उतरवता येईल एवढंच करावं.

गाडी काढण्याचं सामान आपल्याकडे सगळ्यात बेफिकिरीने हाताळलं जातं. टोचन करायला आपल्याकडे कुठलाही दोर चालतो, आणि तो बंपरला, नाहीतर ट्रेलरच्या गोळ्याला अडकवतात. गोळा ताणाखाली तुटला तर काचेतून आरपार जातो. जगभर माणसं अशी मेली आहेत. गाडीला पुढे-मागे चेसिसला जोडलेले हूक असतात, दोर तिथेच. ओढायला ताणला जाणारा नायलॉनचा रिकव्हरी दोर, दोन चांगले शॅकल, एक फावडं, चाकाखाली घालायच्या दोन खाचेदार पट्ट्या, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी. दोरावर मधोमध जाजम किंवा जॅकेट टाकायचं, म्हणजे तुटला तरी तो खाली पडतो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करायचं. विंच पहिल्या वर्षी नकोच. ते पैसे एखाद्या प्रशिक्षणावर घालवा. इगतपुरीला महिंद्राने अशी अकादमी सुरू केली आहे. गाडी तिरकी झाल्यावर पोटात गोळा कधी येतो आणि गाडी खरोखर कलंडते कधी, या दोन्हींत किती अंतर असतं, ते तिथे दोन दिवसांत कळतं.

शेवटी नाले. हिमालयातला नाला घड्याळावर चालतो. उन्हाने बर्फ वितळतं, म्हणून दुपारनंतर पाणी चढतं आणि पहाटे सगळ्यात कमी असतं. बातलच्या बाजूला सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेली गाडी संध्याकाळी परतताना तिथेच अडकते. थारला ६५० मिलिमीटर आणि गुरखाला ७०० मिलिमीटर पाणी चालतं असं कंपन्या सांगतात. तो आकडा स्थिर पाण्याचा समजा, जोरदार वाहत्या पाण्याचा नव्हे. समोरचा ट्रक कुठून जातो ते बघा, काठी टाकून तळाचे दगड चाचपा. मग लो रेंजच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये शिरायचं, मध्ये क्लच दाबायचा नाही, आणि बंपरपुढे उठणारी छोटी लाट मोडू न देता एका चालीने पलीकडे निघायचं.

पलीकडे गेल्यावर पाच-सहा वेळा हलके ब्रेक मारून पॅड सुकवायचे. तापलेल्या अॅक्सलवर बर्फाचं पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सील जुने असतील तर पाणी आत ओढलं जातं. म्हणून खोल नाले झाले असतील तर मनालीत उतरल्यावर डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून चमचाभर तेल बाहेर काढून बघावं. तेल दुधाळ दिसलं तर ते तिथेच बदलून घ्यायचं. मुंबईपर्यंत आणखी दोन हजार किलोमीटर तेच तेल बेअरिंगांना चालणार नाही.