शाळा पारखावी कशी?

बैल घ्यायचा झाला, तर आपण त्याचे दात पाहतो. त्याला चालवून पाहतो. नांगराला जुंपून पाहतो. नारळ घेतानासुद्धा कानाशी धरून हलवतो. मग आपले मूल ज्या शाळेत सात-आठ वर्षे काढणार, ती शाळा आपण कशी पाहतो?

बहुतेक वेळा रस्त्यावरूनच पाहतो. इमारतीला रंग आहे का? मुलांच्या गळ्यात टाय आहे का? न्यायला गाडी येते का? एवढ्यावर शाळा ठरते. "आमच्या झिलाक मोठ्या शाळेत घातलंय," असे म्हटले की चारचौघांत मान मिळतो. पण हा मान आईबापाला मिळाला. मुलाला काय मिळाले?

आमचा जन्म शाळेतच गेला. शाळेशाळेत फरक असतो, हे आम्ही नाकारत नाही. तो फरक पालकांनी जरूर पाहावा. पण तो कुठे पाहायचा, हे आधी कळले पाहिजे.

आपल्या भागातल्या शाळा

कसाल हे कुडाळ तालुक्यातले गाव. मुंबई-गोवा रस्ता इथून जातो, आणि मालवणचा रस्ता इथेच फुटतो. शेजारी ओरोसला जिल्ह्याची कचेरी आहे. अशा ठिकाणी गाड्यांची सोय असते. म्हणून जवळची शाळा की दूरची, असा प्रश्न घरोघर पडतो.

आपल्याकडे मुख्यतः तीन तऱ्हेच्या शाळा दिसतात. पहिली जिल्हा परिषदेची. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. या शाळेत फी नाही, आणि पुस्तके फुकट मिळतात. दुसरी अनुदानित शाळा. ती संस्था चालवते, पण शिक्षकांचा पगार सरकार देते. आपली बरीचशी हायस्कुले अशी आहेत. तिसरी विनाअनुदानित. ती फीवर चालते, आणि बहुतेक वेळा इंग्रजी माध्यमाची असते.

यातली कोणतीही तऱ्हा सगळीच चांगली नाही, की सगळीच वाईट नाही. पाटीवरून शाळा कळत नाही.

पट कमी, म्हणजे शाळा वाईट?

"त्या शाळेत पोरंच नाहीत. मग ती शाळा कसली?" असे लोक म्हणतात. पण पोरे का नाहीत, हे पाहा.

२००१ साली आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ साली ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत १९ हजारांनी माणसे कमी झाली. तरणी माणसे मुंबईला गेली, पुण्याला गेली, गोव्याला गेली. घरटी मुलेही पूर्वीसारखी पाच-सहा नाहीत, एक-दोनच आहेत. वाडीत पाळणेच कमी हलले, तर शाळेचा पट कसा वाढेल? यात गुरुजींचा काय दोष?

तेव्हा पट पाहून शाळेला नावे ठेवू नका. मुले किती आणि शिक्षक किती, हे दोन्ही मिळून पाहा.

निकाल वाचावा कसा?

निकालाचा आकडा मोठा दिसतो. पण तो फसवाही असतो.

समजा, एका शाळेत वर्गात २० मुले आहेत. शिक्षकांनी त्यांतली ६ हुशार मुले निवडून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवली. सहाही पास झाली. शाळेने फलक लावला: निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेतही २० मुले. तिथे वीसच्या वीस बसवली. ९ पास झाली. निकाल ४५ टक्के. आता सांगा, जास्त मुले कुठे तयार झाली? सहा की नऊ? म्हणून टक्के ऐकले की लगेच विचारावे: वर्गात किती मुले? त्यांतली किती बसली?

लहान शाळेत आणखी एक गंमत होते. पाच मुलांतले एक नापास झाले की निकाल ८० टक्क्यांवर येतो. शंभरातली पाच नापास झाली, तरी निकाल ९५ टक्के राहतो. एका वर्षाच्या आकड्यावर लहान शाळेची परीक्षा करू नये. चार-पाच वर्षांचे आकडे ओळीने पाहावेत.

दहावीचे म्हणाल, तर आपला कोकण विभाग राज्यात पुढे असतो. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, आणि कोकण विभागाचा ९८.८२ टक्के. ही चांगलीच गोष्ट आहे. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे "आमच्याकडे सगळे पास" म्हणण्याने एक शाळा दुसरीपेक्षा चांगली ठरत नाही.

मळा आणि भरड

एका शेतकऱ्याची जमीन मळ्याची. पाणी हाताशी. त्याने तीन खंडी भात काढले. दुसऱ्याची जमीन भरड. त्याने तेवढ्याच जमिनीत दोन खंडी काढले. चांगला शेतकरी कोण? नुसत्या खंड्या मोजून सांगता येणार नाही.

शाळेचेही तसेच. नवोदय विद्यालयात सहावीला परीक्षा घेऊन मुले निवडतात. तिथे मुले पुढे असणारच. जिल्हा परिषदेची शाळा मुलांना निवडत नाही. ज्याच्या घरात पुस्तक नाही, तेही मूल तिथे येते. घरात मालवणी बोलणारे मूल आधी पुस्तकी मराठी शिकते. ते वर्षाच्या सुरुवातीला कुठे होते, आणि शेवटी कुठे आले, एवढेच पाहावे. ज्या शाळेत मूल जास्त पुढे सरकते, ती शाळा चांगली.

घरची परीक्षा

हे पाहायला मोठी विद्या लागत नाही. 'प्रथम' या संस्थेने २००५ साली 'असर' नावाची पाहणी सुरू केली. खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांची साधी परीक्षा घेतात. मुलाला अक्षर ओळखता येते का? शब्द वाचता येतो का? दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट सरळ वाचता येते का? हातचा घेऊन वजाबाकी येते का? भागाकार येतो का?

तुम्हीही हे करू शकता. कालपर्यंत तुम्हाला हे दुसऱ्याला सांगावे लागे. आता तुम्ही स्वतः वाचता. दुसरीचे पुस्तक घ्या. तिसरी-चौथीतल्या आपल्या मुलाला जवळ बसवा. न वाचलेले पान काढून द्या. पाठ केलेले नको. मग "यात काय झालं, सांग बघू," असे विचारा. रागावू नका. तीन महिन्यांनी पुन्हा पाहा.

इंग्रजी शाळेतल्या मुलालाही असेच विचारा. इंग्रजी कविता घडाघडा म्हटली, म्हणजे इंग्रजी कळले असे नाही.

शाळेत जाऊन काय पाहावे?

एक. शिक्षक किती? शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, असे त्यात लिहिले आहे. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत असेल, तर ती खरी अडचण आहे. ती लपवू नये.

दोन. वर्ग भरतो का? पाचवीपर्यंत वर्षात २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा चालली पाहिजे.

तीन. प्यायला पाणी आणि मुलींसाठी वेगळे संडास आहेत का? दार लागते का? आत पाणी आहे का? मुलगी वयात आली की तिचे शिक्षण अशा गोष्टीवरून अडते.

चार. पुस्तके कपाटात आहेत की मुलांच्या हातात?

पाच. मूल मास्तरांना प्रश्न विचारते, की नुसते भिते? मारण्याला कायद्याने बंदी आहे.

प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस क्रमांक असतो. त्यावरून शाळेतली मुले, शिक्षक, खोल्या यांची माहिती मोबाईलवर सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

मग काय करावे?

सगळे पाहूनही जवळची शाळा कमी पडते असे दिसले, तर लगेच मूल काढू नका. आधी बोला. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असतात, आणि निम्म्या बायका असतात. शिक्षक कमी असेल, तर समितीत ठराव करा. तो तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. त्याची पोच घ्या.

एवढे करूनही सुधारणा झाली नाही, आणि तुम्ही मूल दुसरीकडे घातले, तर आम्ही तुम्हाला दोष देणार नाही. मूल तुमचे आहे. पण नुसत्या टायसाठी चार घरांनी मुले काढली, तर पट घटतो. पट घटला की शिक्षक कमी होतो. शेवटी शाळाच बंद पडायची पाळी येते. ज्यांना गाडीचे भाडे परवडते, त्यांची मुले जातात. मजुरी करणाऱ्या बाईचे मूल कुठे जाईल? पावसात ओहोळ ओलांडून तीन किलोमीटर चालेल, की घरी बसेल?

येत्या सभेची तारीख शाळेत विचारून ठेवा. बायका नि बापये, दोघेही जा. जाताना वर लिहिलेले पाच प्रश्न एका कागदावर आपल्या हाताने उतरवून न्या.