मीरा-भाईंदर १४५ : एका चुरशीच्या मतदारसंघाचं गणित कसं वाचायचं?

पीएच.डी.च्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात की निवडणुकांवर संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे : एकच मतदारसंघ घ्या आणि त्याचा पिच्छा पुरवा. आज आपण मीरा-भाईंदर घेऊ. उत्तनजवळचं डोंगरी गाव याच मतदारसंघात येतं.

पहिली अडचण इथेच येते. हा मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत तयार झाला, त्यामुळे २००९च्या आधीची आकडेवारी याला थेट जोडता येत नाही. शिवाय शहर म्हणजे पूर्ण मतदारसंघ नव्हे, शहराचा काही भाग ओवळा-माजिवड्यात जातो. आणि लोकसंख्या? १९९१ला पावणेदोन लाख, २००१ला सव्वापाच लाख, २०११ला आठ लाखांच्या वर. म्हणजे दर निवडणुकीत मतदान करणारी माणसंच बरीचशी वेगळी. ‘मतदारांनी कौल बदलला’ असं वाक्य लिहिण्याआधी हे आठवा.

आता निकाल बघू. २००९मध्ये राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा यांनी भाजपच्या नरेंद्र मेहता यांना सुमारे साडेदहा हजारांनी हरवलं. २०१४ला मेहतांनी मेंडोन्सांना सव्वाबत्तीस हजारांनी पाडलं. २०१९ला भाजपच्याच माजी महापौर गीता जैन बंडखोरी करून अपक्ष उभ्या राहिल्या आणि साडेपंधरा हजारांनी जिंकल्या. २०२४ला मेहता पुन्हा आले, तेही साठ हजारांच्या फरकाने. चार निवडणुकांत एकदाही विद्यमान आमदार टिकला नाही.

खरी गंमत २०१९ आणि २०२४ शेजारी ठेवल्यावर कळते. २०१९ : जैन ७९.६ हजार, मेहता ६४ हजार, काँग्रेसचे मुझफ्फर हुसेन ५५.९ हजार. २०२४ : मेहता १४४.४, हुसेन ८३.९, जैन (पुन्हा अपक्ष) २३.१ हजार.

चुरस मोजायला फक्त मताधिक्य पुरत नाही. राज्यशास्त्रात एक सोपं माप वापरतात, प्रभावी उमेदवारसंख्या. प्रत्येकाचा मतांचा वाटा घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि १ला त्या बेरजेने भागा. मी फक्त पहिले तीन धरले तर २०१९साठी उत्तर साधारण २.९ येतं, २०२४साठी २.२. म्हणजे २०१९ची लढत जवळजवळ पूर्ण तिरंगी होती, २०२४ला ती दुरंगीकडे सरकली. (सगळे उमेदवार धरून स्वतः काढून बघा, आकडा थोडा वर जाईल.)

आता सापळा. २०१९च्या जैन आणि मेहता यांच्या मतांची बेरीज करा : १४३.६ हजार. आणि २०२४ला एकट्या मेहतांना किती? १४४.४! हात लगेच शिवशिवतात, ‘फुटलेली मतं घरी परतली’ असं लिहायला. थांबा. जैन यांनी २०२४लाही तेवीस हजार मतं घेतली, म्हणजे सगळी परतली असं होऊच शकत नाही. शिवाय तिघांची एकूण मतं दोन लाखांवरून अडीच लाखांवर गेली. हुसेन यांची अठ्ठावीस हजारांनी वाढली. मधल्या काळात शिवसेना दुभंगली होती, आणि २०१९ला भाजपसोबत असलेल्या सेनेचा ठाकरे गट आता हुसेन यांच्या आघाडीत होता. कोण कुठून कुठे गेलं हे बेरजेतून कळत नाही. एकत्रित आकड्यांवरून व्यक्तींच्या वागण्याचा निष्कर्ष काढणं, याला परिसरीय तर्कदोष म्हणतात. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमका इथेच पकडतात.

मग बारकाईने जायचं कसं? फॉर्म २० मागवा. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. पण केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी बदलतात, म्हणून क्रमांकावर क्रमांक न ठेवता मतदार यादीतला भाग कोणत्या वस्तीचा आहे ते जुळवा. काम कंटाळवाणं आहे, पण शोधनिबंधाचा निम्मा जीव त्यातच.

डोंगरीसारख्या छोट्या गावाबाबत मात्र वेगळा प्रश्न उभा राहतो. मेट्रो ९चं कारशेड आधी राई-मुर्धा-मोरवा भागात होणार होतं. तिथल्या गावकऱ्यांच्या विरोधानंतर ते डोंगरीकडे वळलं आणि मग इथे झाडतोडीविरुद्ध आवाज उठला. अशा गावाची मतं मोजक्याच केंद्रांत मावतात, त्यामुळे गाव कोणाच्या बाजूने होतं हे तक्ता उघडणाऱ्या कोणालाही दिसतं. निवडणूक आयोगाने अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र सुचवलं होतं ते याच भीतीने. २०१५मध्ये विधी आयोगानेही त्याला पाठिंबा दिला, पण ते अजून लागू झालेलं नाही. म्हणून फॉर्म २० जाहीर कागद असला तरी तुमच्या नकाशात छोट्या गावाची केंद्रं शेजारच्या केंद्रांत मिसळून दाखवा, आणि असं का केलं ते पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहा.