पडद्यामागील सेवक व त्यांचे संकेत



माझी बहुतेक हयात शाळेच्या घंटेच्या तालावर गेली. आमच्या शाळेंत तास संपला कीं एक टोला, मधल्या सुटीस दोन टोले आणि शाळा सुटली म्हणजे लांब घणघणाट, असा क्रम होता. एकदां दुसऱ्या शाळेंतून नव्यानें आलेल्या शिपायानें मधल्या सुटीस लांब घंटा दिली. त्याच्या पूर्वीच्या शाळेंत तीच रीत होती. पांच मिनिटांत पटांगण ओस पडलें व अर्ध्या दिवसाचे पाठ बुडाले. मी त्याच्यावर फार रागें भरलों. परंतु कोणत्या घंटेचा अर्थ काय, हें आमच्या शाळेंत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. ही गोष्ट माझ्या ध्यानांत अलीकडे आली, आणि तीहि एका संगणकामुळें.

संगणकावर आपण पत्र लिहितों तेव्हां तो प्रोग्रॅम आपल्या डोळ्यांसमोर असतो. परंतु कित्येक प्रोग्रॅम पडद्यावर कधींच येत नाहींत. टपाल पोंचविणें, मागितलेलें पान पुरविणें, नोंदी सांभाळणें, हीं कामें ते रात्रंदिवस मुकाट्यानें करीत असतात. यांस 'डीमन' म्हणतात. हें नांव १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत रूढ झालें. मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें रेणूंची निवड करणारा एक अदृश्य द्वारपाल कल्पिला होता. त्याच्यावरून तें सुचलें.

या सेवकांपुढें कळफलक नसतो. मग त्यांस आज्ञा कशी द्यावी? युनिक्स व लिनक्स या प्रणालींत ती 'सिग्नल' पाठवून देतां येते. सिग्नल म्हणजे घंटेचा टोला. त्यास क्रमांक व नांव असतें, मजकूर नसतो. १५ क्रमांकाचा 'टर्म' म्हणजे काम आटोपण्याची विनंति. ९ क्रमांकाचा 'किल' कोणत्याहि प्रोग्रॅमला अडवितां येत नाहीं. तो आला कीं आवराआवर करण्यासहि अवसर मिळत नाहीं. पहिल्या क्रमांकाचा 'हप' मूळचा टेलिफोनची तार तुटल्याची वर्दी देणारा. डीमनला अशी तारच नसल्यामुळें त्याचा उपयोग 'आपली नियमावली पुन्हां वाच' असें सांगण्याकडे होऊं लागला. मात्र ही केवळ वहिवाट आहे. प्रोग्रॅम रचणाऱ्यानें तशी तरतूद केली नसेल, तर प्रणालीचा मूळ नियम लागू होतो, आणि तो नियम प्रोग्रॅम संपविण्याचा आहे!

सेवानिवृत्तीनंतर मी एका वाचनालयाचें दप्तर पाहतों. तेथें देवघेवीच्या नोंदी ठेवणारा असाच एक सेवक आहे. विलंबाच्या दंडाचा दर बदलावयाचा होता. मीं नवा दर नियमावलींत लिहिला आणि वहिवाटीवर भिस्त ठेवून 'हप' पाठविला. सेवक जागच्या जागीं संपला व त्यानें अद्याप उतरून न ठेवलेल्या नोंदी गेल्या. कोणीं कोणतें पुस्तक नेलें, हें सभासदांस फोन करून विचारण्यांत आमची सारी सायंकाळ गेली. प्रोग्रॅमच्या माहितीपत्रांत या विषयावर एकच ओळ होती: 'नेहमींचे सिग्नल चालतात.'

पण नेहमींचे म्हणजे कोणते? एन्जिनएक्स हा पानें पुरविणारा सेवक घ्या. त्यास 'क्विट' पाठविल्यास तो हातांतील मागण्या पुऱ्या करून शांतपणें थांबतो. 'टर्म' पाठविल्यास तडकाफडकीं थांबतो. पोस्टग्रेस हा माहितीचा कोठार सांभाळणारा सेवक नेमकें उलट वागतो. 'टर्म' आल्यास तो नवीन कोणास आंत घेत नाहीं, परंतु आंत असलेल्यांचें काम संपूं देतो. 'क्विट' आल्यास मात्र तत्काळ थांबतो, व पुढील वेळीं त्यास नोंदवहीवरून सारें पुन्हां जुळवून घ्यावें लागतें. एकाचा सौम्य संकेत तो दुसऱ्याचा कठोर संकेत!

म्हणून प्रत्येक सेवकाच्या माहितीपत्रांत सिग्नलांचें स्वतंत्र कोष्टक हवें, व त्यांत चार प्रश्नांचीं उत्तरें हवींत. सिग्नल मिळाल्यावर सेवक काय करतो? हातांतील कामाचें काय होतें? नवी नियमावली चुकीची निघाली तर काय होतें? एन्जिनएक्स अशा वेळीं जुन्याच नियमावलीवर काम चालूं ठेवतो. हें ठाऊक असलें म्हणजे धीर येतो. आणि चौथा प्रश्न, जो बहुधा राहून जातो: सेवक काय करीत नाहीं? संगणकांचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएसमास्क या सेवकाच्या पुस्तिकेंत या बाबतींत चांगला धडा आहे. 'हप' मिळाल्यावर तो सांठविलेले पत्ते टाकून देतो व पत्त्यांच्या याद्या पुन्हां वाचतो, परंतु मुख्य नियमावली पुन्हां वाचीत नाहीं, असें तेथें ठसठशीत अक्षरांत बजाविलें आहे. हा एक नकार वाचणाऱ्याचा केवढा घोटाळा वांचवितो!

आमच्या वाचनालयाच्या सेवकाचें असें कोष्टक आम्हीं त्याच आठवड्यांत तयार केलें. एक एक सिग्नल दुसऱ्या, रिकाम्या संगणकावर पाठवून, जें घडलें तेंच लिहिलें. तें लिहीत असतां मला राहून राहून त्या शिपायाची आठवण येत होती. त्यास बोल लावण्यापूर्वीं मीं भिंतीवर एक कागद लावावयास हवा होता.