पाठीच्या वाटेने

आदिलाबादेत कुशीत दुखू लागलं की पहिला संशय मूतखड्याचा. सोनोग्राफी होते आणि क्वचित खड्याऐवजी मूत्रपिंडाच्या वर चरबीची गाठ दिसते. घरात कर्करोगाची धास्ती शिरते, आणि नागपूर की हैदराबाद, याची चर्चा सुरू होते. महामार्ग 44 दोन्हीकडे जातो. नागपूर जवळ, भाषाही आपली. पण सरकारी उपचार योजनेचं, आरोग्यश्रीचं, कार्ड तेलंगणाचं, आणि डिसेंबर 2023 पासून त्याची मर्यादा 10 लाख रुपये आहे.

या घाईत राहून जाणारी गोष्ट म्हणजे अशा बहुतेक गाठींना घाई नसते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत होणाऱ्या मायलोलिपोमा या गाठीत चरबी असते आणि अस्थिमज्जेत असाव्यात तशा रक्त घडवणाऱ्या पेशी. एडगर फॉन गिर्के यांनी 1905 मध्ये तिचं वर्णन केलं, ओबरलिंग यांनी 1929 मध्ये नाव दिलं. तिचा कर्करोग होत नाही. सीटी स्कॅनच्या घनतेच्या मापात पाण्याचा आकडा शून्य, चरबीचा त्याच्या खाली. त्यावरून ती बहुधा ओळखू येते. खुद्द मूत्रपिंडातली अँजिओमायोलिपोमा वेगळी: तिच्यात रक्तवाहिन्या असतात, ती फुटून रक्तस्राव होऊ शकतो, आणि पुष्कळदा रक्तवाहिनीतून नळी घालून तिचा रक्तपुरवठा बंद करतात. मात्र चरबी दिसली म्हणजे निर्धोक, असंही नाही. त्याच भागात लायपोसार्कोमा हा चरबीचा कर्करोगही होतो. म्हणून अनुभवी रेडिओलॉजिस्टचं मत आणि ग्रंथीच्या संप्रेरकांच्या तपासण्या आधी, ऑपरेशनची तारीख नंतर. लहान, न दुखणाऱ्या मायलोलिपोमावर नजर ठेवतात. साधारण 6-7 सेंटिमीटरपुढे गेलेली, दुखणारी, वाढणारी किंवा रक्तस्राव झालेली असेल तर काढण्याचा विचार होतो.

पूर्वी त्यासाठी कुशीत मोठी चीर पडे. 1992 मध्ये मिशेल गॅन्ये यांनी पोटातून दुर्बिणीने ही ग्रंथी काढल्याचं प्रसिद्ध केलं. पण त्याच वर्षी मुंबईतून आलेल्या एका लेखाचं मोल मला अधिक वाटतं. मूत्रपिंड पोटाच्या पडद्यामागे, पाठीकडे असतं. तिथे पाठीकडूनच जावं, तर आतडी हलवावी लागत नाहीत. पण दुर्बिणीला तिथे जागाच नसते. नुसता वायू भरून ती नीट होत नव्हती. मुंबईचे डॉ. दुर्गा गौर यांनी शस्त्रक्रियेचा रबरी हातमोजा नळीवर बांधला, छोट्या छेदातून आत सरकवला आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्राच्या पंपाने फुगवला. फुगा फुगला, ऊतक बाजूला सरलं, पोकळी तयार झाली. परदेशी महागड्या साहित्याची वाट न पाहता, हाताशी असलेल्या वस्तूंतून निघालेली ही युक्ती पुढे जगभरच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी उचलली. आपल्या वैद्यकाच्या इतिहासात गौर यांना याहून ठळक जागा हवी.

आज तीन-चार छोट्या छिद्रांतून गाठ काढली की रुग्ण बहुधा काही दिवसांत घरी जातो. फार मोठी किंवा कर्करोगाचा संशय असलेली गाठ असेल तर उघड शस्त्रक्रियाच बरी, आणि तसं सांगणारा सर्जन भरवशाचा.

आदिलाबादला 2008 पासून रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. उटनूर किंवा नारनूरकडच्या गोंड, कोलाम, मराठी घरांना तिथवर येणंही एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणं असतं. नजर ठेवणं म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन. दर वेळी त्यासाठी मोठं शहर गाठावं लागलं, तर माणूस दुसऱ्या खेपेला जात नाही. ही तपासणी जिल्ह्यातच व्हायला हवी. तोवर नागपूरला काढलेल्या स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवावेत, हैदराबादला जाताना सोबत न्यावेत: गाठ वाढली की नाही, हे जुन्या चित्राशी ताडूनच कळतं.